साखरेवर थापलेली वडी

"बर्फच नव्हता म्हणताय, मग एवढ्या लांब गेलात कशाला?"

चेकिंगच्या टेबलावर माझ्यासमोर बसणाऱ्या अक्कांचा हा प्रश्न. हात टॉवेलवर, नजर टॉवेलवर, आणि प्रश्न माझ्यावर. अक्कांचं बरोबरच होतं. आपल्याकडे लग्नाला जायचं आणि नवरदेवच आला नाही, तर लोक जेवून परत येतात. मी तर काश्मीरला बर्फावर चालायला गेले होते आणि बर्फ कमी होता, तरी हसत परत आले होते. आता हे त्यांना कसं समजवायचं?

मैत्रिणींनो, माझी ओळख सांगते. मी सोलापूरची. रोज सकाळी कंपनीच्या बसमधून बाळे, केगाव, कोंडी मागे टाकत चिंचोळी एमआयडीसीत उतरते. तिथल्या एका टॉवेलच्या युनिटमध्ये चेकिंग बघते. म्हणजे लूमवरून उतरून, धुऊन, वाळून, शिवून आलेला माल बाहेर जाण्याआधी शेवटचा हात माझा. वय सेहेचाळीस. गुडघे अजून कुरकुरत नाहीत, पण आवाज करतात. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली उभं राहिलं की वाटतं, आपणच ड्रायरमध्ये आहोत. अशा गावची बाई बर्फाच्या नादी लागली ती लेकीमुळे.

लेक पुण्यात नोकरी करते. कॉलेजात असताना तिनं गुलमर्गला स्कीइंगचा बेसिक कोर्स केला होता. गुलमर्गला केंद्र सरकारची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनीअरिंग आहे, 1968 पासून. पुढे 2023 च्या फेब्रुवारीअखेर ती पुन्हा निघाली, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "तू पण जा बघू तिच्यासोबत. माझं बघतील इथं." मी गेले ती स्वेटर घालून फोटो काढायला. दुसऱ्या दिवशी लेकीनं पायात त्या लांब पट्ट्या अडकवल्या आणि मी मुलांच्या उतारावर पहिल्याच मिनिटाला बसकण मारली. पण त्या एका मिनिटात जे घसरले ना, तेवढ्यात काहीतरी झालं. परत येऊन भिशी सुरू केली. आमच्या गल्लीतल्या भिशीत कुणी फ्रीज घेतं, कुणी मंगळसूत्राचे मणी वाढवतं. माझा नंबर लागला की मी गुलमर्गचं तिकीट काढते.

आता स्की टूरिंग म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गुलमर्गला गोंडोला आहे. म्हणजे तारेवरून जाणारे डबे. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, 1998 मध्ये सुरू झाला. दुसरा थेट अफरवतच्या खांद्यापर्यंत, तो 2005 मध्ये. बहुतेक लोक डब्यात बसून वर जातात आणि स्कीवरून घसरत खाली येतात. टूरिंगमध्ये डबा नाही. आपल्याच पायांनी चढायचं, स्की पायातच ठेवून. चढताना बुटाची टाच मोकळी सोडायची, फक्त चवडा अडकलेला. वर पोचलं की टाच बंद करायची आणि उतरायचं. तीन-चार तास चढ, आणि उतार म्हणाल तर अर्धा-पाऊण तासाचा. अक्कांना हा हिशोब सांगितला तर म्हणाल्या, "म्हणजे पुरणपोळीसारखंच की. दिवसभर करा, दहा मिनिटांत संपवा."

पण माणूस स्की घालून चढावर मागे कसा घसरत नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. लेकीनं पिशवीतून दोन लांब पट्टे काढले. एका बाजूला चिकट गोंद, दुसऱ्या बाजूला केसाळ कापड. ते स्कीच्या तळाला चिकटवायचे. याला 'स्किन' म्हणतात, कारण पूर्वी सीलची कातडी वापरायचे. आता नायलॉन किंवा मोहेर, म्हणजे अंगोरा बकरीचे केस. मी त्यावरून तळहात फिरवला आणि हसायलाच लागले. अहो, ही तर आमचीच जात! आमच्याकडे टेरी टॉवेल विणताना दोन बीम असतात. एक ताणलेला, तो जमिनीचा. दुसरा सैल, त्याचे फासे वर येतात, ती पाईल. त्या फाशांची टोकं मशीनवर कातरली की व्हेलूर. मखमलीसारखं. व्हेलूरवर हात एका दिशेनं फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर अडतो, रंगही बदलतो. स्किनचंही तेच. केस मागच्या बाजूला झुकलेले. स्की पुढे सरकवली की गुळगुळीत, मागे घसरू लागली की केस उभे राहून बर्फ पकडतात. सोलापूरच्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही.

तर फेब्रुवारी 2025 ची गोष्ट. त्या हिवाळ्यात काश्मीरमध्ये बर्फाची ओढच होती. तिकडे 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान म्हणतात, सर्वांत कडक थंडीचे. थंडी पडली, पण बर्फ हवा तेवढा नाही. आपल्याकडे मृग कोरडा गेल्यावर जी अस्वस्थता असते, तशी तिथं होती. गुलमर्गला होणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा 22 फेब्रुवारीपासून होत्या, त्याही बर्फाअभावी पुढे ढकलल्या. आदल्या वर्षी जानेवारीत तर गुलमर्गचं मैदान पिवळं गवत दाखवत होतं. म्हणून 2024 मध्ये आम्ही जानेवारीचा बेत मोडून मार्चमध्ये गेलो होतो. या खेपेला मोडण्यासारखं नव्हतं. लेकीला कंपनी एप्रिलमध्ये परदेशी पाठवणार होती, तीन वर्षांसाठी. "आई, जाण्याआधी एकदा अफरवतच्या धारेवर आपल्या पायांनी उभं राहायचं. दोघींनी." हे तिनं दिवाळीतच ठरवलेलं. त्या वाक्यात 'दोघींनी' होतं, म्हणून मी तीन महिने घराच्या गच्चीचे जिने पाठीवर ज्वारीची पिशवी घेऊन चढले. शेजारच्या वहिनींना वाटलं, नवस आहे.

आम्ही पाच जण होतो. आम्ही दोघी, पुण्याचे दोन तरुण मुलगे, आणि आमचे गाईड. तंगमर्गचे, पन्नाशीतले, बापाच्या काळापासून डोंगरात. सगळे त्यांना भाईजान म्हणायचे, मीही.

सकाळी सातला गुलमर्गच्या मैदानात जमलो. 2,650 मीटरवर, थंडी अशी की मोबाईल दोनदा बंद पडला. आदल्या दोन दिवसांत थोडा बर्फ पडलेला. मैदानात वीतभर. मुलं खूश. "फ्रेश आहे, मस्त!" मीही खूश होते, खोटं कशाला बोलू. जुना बर्फ मळका, पावलांनी तुडवलेला, त्यावर हे पांढरं धुतलेलं. माल दिसायला एक नंबर.

निघण्याआधी बीकनची तालीम. प्रत्येकाच्या छातीशी एक छोटं यंत्र बांधलेलं असतं. कुणी बर्फाखाली गेलं तर बाकीच्यांनी आपलं यंत्र शोधण्यावर लावायचं, आवाजाच्या मागे जायचं, मग लांब काठी खुपसून माणूस चाचपायचा आणि फावड्यानं उकरायचं. भाईजाननी एक यंत्र पिशवीत घालून बर्फात पुरलं आणि घड्याळ लावलं. मला ते सापडायला सात मिनिटं लागली. "पहली पंद्रह मिनट में निकाल लिया तो उम्मीद है, मॅडम. उसके बाद..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. दुसऱ्यांदा मी साडेतीन मिनिटांत शोधलं.

ही तालीम उगाच नसते. 1 फेब्रुवारी 2023 ला याच अफरवतच्या उतारांवर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू गेले. 22 फेब्रुवारी 2024 ला एक रशियन गेला. कोरड्या जानेवारीनंतर बर्फ आला, त्याच हंगामात. भाईजान हे सांगताना माझ्याकडे न बघता स्किनचा गोंद तपासत होते.

मग चढ. झाडीतून, देवदार नि फरच्या मधून, खिलनमर्गच्या दिशेनं. खिलनमर्ग म्हणजे गुलमर्गच्या साधारण सहाशे मीटर वरचं उघडं कुरण. हा रस्ता एरवी गादीसारखा असतो म्हणे. त्या दिवशी मुळ्या दिसत होत्या, दगड डोकावत होते, ओढ्याचं पाणी उघडं वाहत होतं. दोनदा स्की काढून हातात घेऊन चालावं लागलं. माझ्या स्कीखाली एकदा 'खर्र' असा आवाज आला, आमच्या शिअरिंगच्या ब्लेडखाली गाठ यावी तसा. भाड्याची स्की! पोटात गोळाच आला. पण चालण्याची लय लागली की बाकी सगळं विसरतं. सरक, सरक, काठी, सरक, सरक, काठी. उभा चढ आला की नागमोडी जायचं, आणि प्रत्येक वळणावर एक पाय उचलून उलटा फिरवायचा. हे वळण घेताना बाई माणसाचं काय होतं ते लिहीत नाही, फक्त एवढं सांगते की मी गच्चीवर त्याचीही प्रॅक्टिस केली होती आणि वाळत घातलेल्या पापडांवर पडले होते.

एक गोष्ट मात्र लिहितेच, कारण ती कुठल्याच माहितीपत्रकात नसते. बर्फाची विजार छातीपर्यंत येते, खांद्यावर पट्टे असतात. उघड्या कुरणावर आडोसा नाही. तहान लागली तरी पाणी न पिणं हा उपाय आपण बायका शाळेपासून करत आलोय, आणि उंचीवर तोच सर्वांत वाईट. लेकीनं बाजूनं उघडणारी विजार आणली होती माझ्यासाठी. भाईजान न सांगता मुलांना घेऊन शंभर पावलं पुढे जायचे आणि तिकडे तोंड करून उभे राहायचे. अशी माणसं बरोबर असली की डोंगर सोपा होतो.

खिलनमर्गला साडेदहा वाजले. तिथं बसून कडक भाकरी, शेंगाचटणी. पुण्याच्या मुलांकडे चॉकलेटच्या वड्या होत्या, गोठून दगड झालेल्या. आमची भाकरी मुळातच कडक, तिला थंडी काय करणार! भाईजाननी चटणी चाखली, डोळ्यांत पाणी आलं, आणि पुन्हा हात पुढे केला.

इथून वर खरा उतार. समोर अफरवतची धार, उन्हात चमकणारी. वाऱ्यानं मैदानातला नवा बर्फ उडवून त्या उताराच्या पोटात भरला होता. दिसायला इतका गुळगुळीत की आमच्या एक्स्पोर्टच्या पांढऱ्या मालाची आठवण यावी. लेक म्हणाली, "आई, दोन तास. फक्त दोन तास."

आम्ही पन्नास पावलं गेलो असू, आणि पायाखाली आवाज झाला. धुप्प. कापसाची गाठ ट्रकमधून टाकल्यासारखा. आणि माझ्यासकट सगळी जमीन बोटभर खाली बसली. मोठं काही नाही. पण भाईजान जागच्या जागी थांबले. हात वर करून आम्हालाही थांबवलं.

मग त्यांनी आम्हाला बाजूच्या सपाट जागी घेतलं आणि फावड्यानं खड्डा खणला. कमरेएवढा खणला तर तळाला गवत लागलं. एवढाच बर्फ. मी मनात म्हटलं, बरं झालं, एवढ्याशा बर्फात कोण बुडणार? आणि नेमकी तिथंच मी चुकत होते.

भाईजाननी खड्ड्याच्या भिंतीतून तळाचा बर्फ मुठीत घेतला आणि माझ्या हातावर ओतला. ओतला म्हणते, कारण तो खरंच ओतला गेला. साखरेसारखा. टोकदार, चमकणारे दाणे. "इसका गोला बनाइए," म्हणाले. मी दोन्ही हातांनी दाबला, लाडू वळतो तसा. वळेना. पाक चुकलेल्या रव्यासारखा सगळा बोटांतून सुटून गेला.

मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. बर्फाखालची जमीन गोठणबिंदूच्या आसपास असते, तशी ऊबदारच म्हणा. वर हवा उणे दहा, उणे पंधरा. मधे बर्फ जाड असेल तर ही तफावत सावकाश वाटली जाते, गोधडी जाड असल्यासारखी. बर्फ पातळ असेल तर तेवढ्याशा थरात सगळा फरक. मग खालची वाफ वर चढत राहते आणि बर्फाचे कण एकमेकांना धरायचं सोडून टोकदार, सुटे होत जातात. त्याची साखर होते. आठवडेच्या आठवडे कोरडी थंडी पडली की साखर वाढत जाते. मग वरून वाऱ्यानं दाबलेला नवा बर्फ येतो, तो घट्ट, एकसंध. आता बघा, ताटाला तूप न लावता साखर पसरली आणि त्यावर खोबऱ्याची वडी थापली. ताट सपाट आहे तोवर ठीक. ताट तिरकं केलं की? वडी कापायच्या आधीच अख्खी सरकते. बहुतेक हिमस्खलनं तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतात. स्कीवाल्यांना आवडणारा उतारही नेमका तोच. आणि तो 'धुप्प' आवाज म्हणजे वडीखालची साखर बसल्याचा.

म्हणजे बर्फ कमी तर धोका कमी, हा माझा हिशोब उलटा होता.

त्यांनी भिंतीत बर्फाचा एक चौकोनी खांब मोकळा केला, वर फावडं ठेवलं, आणि फावड्यावर थापा मारायला लागले. दहा मनगटातून, मग दहा कोपरातून, मग दहा खांद्यातून, असा नियम. मनगटाच्या दहा झाल्या, काही नाही. मुलं हसली. कोपराची पहिली. दुसरीला खांबाचा वरचा अर्धा भाग ड्रॉवर उघडावा तसा पुढे सरकून त्यांच्या गुडघ्यावर आला. साखरेच्या रेषेवर, सुरीनं कापल्यासारखा.

भाईजान काही क्षण गप्प होते. मग म्हणाले, उताराची एक कड अजून कमी तिरकी आहे, दगडांच्या बाजूनं, एकेकानं अंतर ठेवून गेलं तर कदाचित जाता येईल. खात्री नाही. आणि माझा नियम असा आहे की एकानं जरी 'नको' म्हटलं, तर सगळे परत. कारण विचारणार नाही.

पहिला मुलगा म्हणाला, जाऊ. दुसरा म्हणाला, जाऊ. लेक म्हणाली, "जाऊ. हो ना, आई?"

आता खरं सांगते. भिशीचे पैसे डोळ्यांसमोर आले. ज्वारीची पिशवी आली. भाईजानचा हंगाम कसा गेलाय तेही कळत होतं. आम्ही परत फिरलो तर मुलं पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाकडे जातील, हेही. आणि लेकीचा तो चेहरा. मी पाचांत सर्वांत अडाणी, सर्वांत हळू. मी 'नको' म्हटलं तर सगळ्यांना वाटणार, म्हातारी दमली.

पण मला आणखी एक आठवलं. बरीच वर्षं झाली, तेव्हा मी दुसऱ्या एका युनिटमध्ये होते. नाव नको. एक माल होता, हाताला काहीतरी खटकत होतं. पाईल कुठेतरी सैल. मोजमापात बसत होता, वजन बरोबर, रंग बरोबर. पण हात सांगत होता, नको. दारात कंटेनर उभा, मालक उभे, सुपरवायझर म्हणाले, "ताई, सगळ्यांनी ओके म्हटलंय, तुमचंच काय?" मी सही केली. माल परत आला. त्याचं नुकसान मालकानं सोसलं म्हणतात, पण सहा रविवार बिनपगारी बसून पीस न् पीस परत तपासला तो आम्ही बायकांनी. एकीचं तान्हं बाळ होतं. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "मला नको."

आवाज फाटला माझा. भाईजाननी लगेच फावडं मिटलं. "ठीक है. वापस," म्हणाले, जणू वाटच बघत होते. मुलांपैकी एकानं काठी बर्फात जोरात मारली. लेकीनं माझ्याकडे बघितलंच नाही. स्किन काढायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

उतार म्हणजे उतरणं, त्याबद्दल फुशारकी मारण्यासारखं काही नाही. खिलनमर्गच्या सौम्य भागात चार वळणं झकास बसली. त्या चार वळणांसाठी सुद्धा मी परत जाईन. पुढे उन्हानं वर पापुद्रा धरला होता. पायाखाली पापड मोडावा तसा मोडायचा आणि स्की आत अडकायची. झाडीत तर मी बुडावर जास्त आणि पायांवर कमी उतरले. एका ठिकाणी दगडावर स्की अशी घासली की तळाला खोल चरा. लेक पुढे होती. दर वळणावर थांबायची, मी आले की पुढे निघायची. बोलायची नाही. आईवर रागावलेली पण आईला सोडून न जाणारी लेक, तुमच्याकडेही असेल.

संध्याकाळी भाईजाननी तंगमर्गला घरी नेलं. बुखारी पेटलेली, मांडीवर कांगडी, गुलाबी मिठाचा चहा. त्यांच्या बेगमना मी सोलापुरी चादर दिली. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली, मग सुलटी, मग धागा नखानं चाचपला. विणकामातल्या बाईचा हात लगेच ओळखू येतो. त्या सोझनीचं भरतकाम करतात, शालींवर. आमची भाषा जेमतेम जुळत होती, पण टाक्यांवर तासभर बोललो. नवऱ्यानं परत फिरायला लावलं की पाहुण्यांनी, असं त्यांनी विचारलं. मी बोट स्वतःकडे केलं. त्यांनी भाईजानकडे बघून काश्मिरीत काहीतरी सांगितलं आणि माझ्या वाटीत आणखी भात वाढला.

मग म्हणाल्या, बर्फ नाही म्हणजे तुमची मजा गेली, आमचं पाणी गेलं. डोंगरावरचा बर्फ उन्हाळ्यात वितळतो, त्यावर झरे, त्यावर भात, सफरचंद. त्याच आठवड्यात अनंतनाग जिल्ह्यातला अचबलचा झरा आटल्याची बातमी होती. मुघल बागेतला, पिढ्यान्‌पिढ्या वाहणारा. मी त्यांना उजनीचं सांगितलं. 2024 च्या उन्हाळ्यात आमचं धरण मायनसमध्ये गेलं होतं, म्हटलं. त्यांना वाटलं मी हिंदी चुकतेय. "मायनस? पानी मायनस कैसे होता है, बहन?" मृतसाठा वगैरे समजावता समजावता मलाच हसू आलं. आपण सोलापूरकर किती सहज म्हणतो, उजनी मायनस वीस, मायनस तीस. दुसऱ्याला सांगताना कळतं, केवढं विचित्र आहे ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोंडोलाच्या पहिल्या टप्प्यावरून आम्हाला तो उतार लांबून दिसला. त्यावर दोन रेषा होत्या. ताज्या, सुंदर, वेलबुट्टीसारख्या. आमच्यानंतर कुणीतरी गेलं होतं, उतरलंही होतं, आणि काहीही झालं नव्हतं.

लेकीनं दुर्बिणीतून बघितलं, मग मला दिली. "बघ," एवढंच म्हणाली. मी बघितलं. काय बोलणार? तो माल पास झाला होता. भाईजानना विचारलं तर खांदे उडवून म्हणाले, डोंगर दहादा माफ करतो, पण कितवी खेप ते सांगत नाही. मला ते पटलं. लेकीला पटलं की नाही, तिनं सांगितलं नाही.

आम्ही सोलापूरला पोचलो आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात गुलमर्गला धो धो बर्फ पडला. पुढे ढकललेल्या स्पर्धा 9 ते 12 मार्चला झाल्यासुद्धा. भाईजाननी व्हिडिओ पाठवला, त्यांच्या घराचं कुंपण बर्फात गडप. मी पहिला प्रश्न विचारला तो त्या उताराचा. साखर आता पुरली गेलीय, म्हणाले, पण गेली नाही. आम्ही अजून तिकडे जात नाही. भाड्याच्या स्कीच्या चऱ्याचे पैसे मात्र मी भरले, त्यात वितळवलेलं काळं प्लॅस्टिक भरून तासतात म्हणे. आपण भांड्याला कल्हई करतो तसं.

अक्कांना हे सगळं सांगायला मला तीन दिवस लागले, जेवणाच्या सुट्टीत. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "मुलगी बोलते का आता?"

बोलते. एप्रिलमध्ये गेली. विमानतळावर गळ्यात पडून रडली, मीही. जून महिन्यात माझ्या वाढदिवसाला तिकडून फोटो आला. तिनं त्या दिवशी दुर्बिणीला मोबाईल लावून काढलेला. पांढरा उतार, वर धार, आणि त्या दोन रेषा. खाली शब्द एकच: "बघ."

मी तो पुसलेला नाही. भिशीचा पुढचा नंबर डिसेंबरात लागतोय.